कमळीमावशीचं मनगट

कमळीमावशीवर अन्याय झाला तो गेल्या मार्गशीर्षात, एका सोमवारी, सकाळी नऊच्या सुमाराला. दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत, मांडवाच्या पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड तिच्या वर उचललेल्या हातांवर थरथरत असताना. मुकादमाने तिच्या मनगटावरचा पट्टा सगळ्यांदेखत ओढून काढला.

मावशी वर डोंगरातल्या पेठकडची. विरळणीला दरवर्षी मजूर बायकांच्या टोळीबरोबर खाली येते. घडातले दाटीचे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले टपोरतात. दिवसभर हात माथ्याच्या वर, आणि अंगठ्याची अखंड उघडझाप, किच् किच्, जणू पानोपानी एखादं अदृश्य पाखरू दाणे टिपत आहे. दुरून फार सुंदर दिसतं ते. त्या सुंदर लयीनेच तिच्या अंगठ्यामागच्या कंडरांना सूज आली: आधी पहाटेची ठणक, मग तांब्या उचलताना कोपरापर्यंत धावणारी वीज, मग भाकरी थापताना डोळ्यांत पाणी. "शीर रुसली हाय पोरी, दुसरं काय नाय," बागेशेजारी राहणाऱ्या मला ती म्हणायची आणि हात पदराआड न्यायची. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी अंगठा स्थिर धरणारा पट्टा दिला आणि बजावलं, काम करताना घालायचाच. कात्री मऊ स्प्रिंगची घ्या, मधून मधून हात खाली सोडा.

त्या सोमवारी ती तो घालून रांगेत उभी राहिली.

"हे काय बांधलंस? क्रिकेट खेळायला आलीस का?" मुकादम.

"बॅट द्या मंग, मुकादम!" मागून तिची जाऊ पारू.

बायका हसल्या, ते त्याला झोंबलं. पट्ट्याच्या खरखरीत कडेने मण्याला ओरखडा पडतो, माल परदेशी जायचा, डाग चालत नाही, असं म्हणत त्याने पट्टा खेचला. "घालायचाच असंल तर घरी बस."

वा रे वा! उन्हाने करपू नये म्हणून जिथे घडाघडाला कागद गुंडाळतात, तिथे माणसाच्या मनगटाला पट्टा नको. घरी बसावं तर टोळीतली जागा जाणार, उभं राहावं तर हात. मावशी उभी राहिली. संध्याकाळी तिची मूठ मिटेना.

मंगळवारी पारूने नवऱ्याच्या जुन्या सुती शर्टाची बाही कापून त्या पट्ट्यावर चढवली. आणि टोळीतली एकूण एक बाई उजव्या मनगटावर तशीच बाही घालून आली. मुकादम कोणाकोणाला घरी बसवणार? ओरखड्याचं निमित्तही संपलं. मग मऊ स्प्रिंगची कात्रीसुद्धा निघाली, मुकादमाच्याच खोक्याच्या तळातून. इतके दिवस तिथेच होती!

महिन्याभराने सूज ओसरली. "आज भाकर थापली," मावशी म्हणाली, "रडले नाय."

आता टोळी डोंगरात परतली आहे. मांडवाखाली उजेड तोच आहे, त्यात वर उचललेले हात नाहीत. काळ सगळं विसरायला लावतो म्हणतात. पण शरीराला ती सवलत नाही, तिचा अंगठा थंडीत आजही तो सोमवार आठवतो.

तुमची बाग असेल. नाहीतर भावाची, मेहुण्याची. नाशकात कोणाची नसते? पट्टा बांधलेली बाई दारात आली, तर तिला परत पाठवू नका. पट्ट्यासकट रांगेत घ्या.