बुडालेलं फूल

मी एक चामड्याचा तुकडा बोलतोय. खुर्चीच्या पाठीएवढा, मधाच्या रंगाचा, कडेने सरळ कापलेला. माझ्या मधोमध एक फूल कोरलंय आणि ते फसलंय. हे मी आधीच सांगून टाकतो. कारण एवढं साधं वाक्य माणसाच्या तोंडून ऐकायला मला फार ताटकळावं लागलं.

चामड्याला एवढी जीभ कुठून फुटली, असं वाटलं असेल तुम्हाला. दुकानातून फुटली. झाडाच्या सालीच्या पाण्यात मुरून, सुकून, घासूनपुसून मी एका चामड्याच्या व्यापाऱ्याच्या फळीवर येऊन पडलो. शेठ माणूस गोड. शाळेशी त्याचं फारसं जमलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाचा चेहरा तो छापील अक्षरासारखा वाचायचा. दिवसभर त्याचं बोलणं कानावर पडायचं. त्यातलं बरंच माझ्यात मुरलं.

एकदा एक गृहस्थ आले आणि माझ्या शेजारच्या गुंडाळीवर हात फिरवत सुटले. "वा! काय माल आहे! काय पोत आहे!" शेठने त्यांना पाणी दिलं, हसून बोलला आणि ते गेल्यावर भावाला म्हणाला, "हे काही घेणार नाहीत."

"अहो, एवढं कौतुक केलं त्यांनी!"

"म्हणूनच. घेणारा माणूस खोड काढतो रे. ज्याला घ्यायचंच नाही, त्याचं कौतुक करायला काय जातं?"

ते गृहस्थ पुन्हा कधी फिरकले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. त्यांनी मला वाकवलं, उलटं केलं, नखाने दाबलं, वासही घेतला आणि कोपऱ्यातला किडीच्या चाव्याचा डाग दाखवून विचारलं, "हे काय आहे?" शेठ मनापासून खूश झाला. त्या बाईंबरोबर मी घरी गेलो.

घर मोठं नव्हतं, पण मागची एक खोली तिची होती. तिथे दगडी फरशीचा जाड तुकडा, लाकडी मोगरी, बोटाने फिरवायचा सुरा आणि डबाभर लोखंडी ठसे. पूर्वी ती पेन्सिलीने चित्रं काढायची. हात चांगला होता. चामडं ती नव्याने शिकली होती, तेही बघून बघून.

त्या खोलीवर तिच्या मोठ्या दिरांचा डोळा होता. त्यांचा कपबश्यांचा धंदा. खोकी ठेवायला जागा पुरेना, म्हणून त्यांच्या झोपायच्या खोलीतच मनोरे उभे राहिले होते. ते रोज दारात येऊन म्हणायचे, "वहिनी, ठोकाठोकी झाली की सांगा. खोकी आणून ठेवतो."

शेवटी घरात एक ठरलं. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाला जेवणाच्या खुर्च्यांसाठी कोरीव चामड्याच्या पाठी हव्या होत्या. ते काम तिला मिळालं तर खोली तिची. नाही मिळालं तर कपबश्यांची. तिने हो म्हटलं आणि नमुन्यासाठी मला फरशीवर घेतलं.

चामड्यावर फूल कसं उठतं, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आधी मला ओलं करायचं. मग सुऱ्याने रेघ कापायची. मग त्या रेघेच्या एका बाजूला ठसा ठेवून मोगरीने ठोकत जायचं. ठोकलेली बाजू खाली बसते, दुसरी वर राहते. पाकळीच्या बाहेर ठोकलं तर पाकळी वर येते. आत ठोकलं तर पाकळी खड्ड्यात जाते.

तिने आत ठोकलं. सगळ्या पाकळ्या, सगळी पानं, मन लावून, जीभ दातांत धरून, आत. त्यात मी ओलाचिंब होतो. प्रत्येक ठसा चिखलात पाय पडावा तसा पसरत होता. ती उठली तेव्हा माझ्यावर फूल नव्हतं, फुलाच्या आकाराचं डबकं होतं.

आणि मग घरचं कौतुक सुरू झालं.

सासूबाई चष्मा न लावता म्हणाल्या, "अगदी दुकानातल्यासारखं झालंय गं!" नवऱ्याने लांबूनच फोटो काढला आणि फोनवरून चारचौघांना धाडला. मिनिटभरात अंगठे, बदाम आणि टाळ्यांचा पाऊस पडला. एकानेही तो फोटो बोटाने मोठा करून पाहिला नसेल. नणंद मात्र सरळ बोलणारी, असा तिचा स्वतःचाच समज. ती म्हणाली, "मला विचारशील तर टाकून दे. माझ्या हातून असलं काही झालं असतं तर मी कुणाला दाखवलं नसतं." झालं तिचं सरळ बोलून! काय बिघडलंय, कुठे बिघडलंय, याचा पत्ता नाही. कौतुकवाले आणि ही सरळ बोलणारी, दोघांमध्ये एक गोष्ट सारखी होती. मला हातात कुणीच घेतलं नव्हतं.

मालकीण मला फर्निचरच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "बघतो." आम्हा दुकानात वाढलेल्यांना 'बघतो'चा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. तिलाही तो कळला असावा. जाताना तो एवढंच बोलला, "महिनाअखेरीला ठरवणार आहे. दुसरा नमुना आणलात तर तोही बघेन." कारण नाही सांगितलं. कारण सांगायला वेळ द्यावा लागतो आणि 'बघतो' म्हणायला लागत नाही.

मग तिने मला हस्तकला मंडळात नेलं. दर रविवारी एका शाळेच्या वर्गात दहाबारा हौशी मंडळी जमत. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसत. एकेकाचं काम मध्ये ठेवत आणि बाकीचे त्यावर बोलत. अध्यक्षबाई फार हसतमुख. त्यांनी एक नियम घातला होता. आधी तीन गोड गोष्टी सांगायच्या, मगच एक कडू. कुणाचं मन दुखावू नये म्हणून.

नियम ऐकायला छान आहे. पण मी तो चालताना पाहिलाय. मंडळी एका गोडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी रमतगमत जातात आणि तिसरं गोड संपेस्तोवर दारात चहा येतो. कडू आजवर कुणाच्या जिभेवर आलेलंच नव्हतं. मंडळाचं त्यावर काही अडलं नव्हतं. कामं मात्र होती तिथेच होती.

मला मध्ये ठेवलं. पहिल्या बाई म्हणाल्या, "रंग काय सुंदर आहे!" अहो, रंग माझा आहे! तो झाडाच्या सालीने दिला. हिने त्याला हात लावलेला नाही.

दुसरे गृहस्थ, टोपल्या विणणारे, म्हणाले, "यामागची मेहनत दिसते." हे वाक्य नीट ऐकून ठेवा. कामात दाखवण्यासारखं काही नसलं की लोकांना मेहनत दिसते.

तिसरीने माझ्या कडेकडे बोट दाखवलं. "कडा किती सरळ!" कडा पट्टी लावून कापल्या होत्या. पट्टीचं कौतुक पट्टीपर्यंत पोचवायला हवं होतं.

दाराशी कपांचा आवाज झाला. मंडळी उठायला लागली. तेवढ्यात माझी मालकीण म्हणाली, "थांबा. चौथं राहिलं."

"चहा गार होईल गं," अध्यक्षबाई हसल्या.

"होऊ दे. दुकानाने हे परत पाठवलंय. महिनाअखेरीला मला दुसरं न्यायचंय. नाही जमलं तर माझी खोली जाईल. रंग छान आहे ते कळलं मला. हे परत का आलं, ते कुणीतरी सांगा."

एक जण छताकडे बघायला लागले. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

शेवटच्या बाकावरून बेल्टवाले काका उठले. हा माणूस चामड्याचे पट्टे करून विकायचा. अंगाने आडवा, बोलायला त्याहून आडवा. आणि तोही त्याच खुर्च्यांच्या कामासाठी नमुना देणार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याने मला उचललं. एवढ्या दिवसांत पहिला माणूस! खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरपं धरलं, अंगठा फिरवला, रेघेत नख घालून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, तुला हे फूल वर आणायचं होतं की खाली घालवायचं होतं?"

"वर."

"मग ठोकलंस आत का?"

तिने वाकून फुलाकडे पाहिलं.

"आधी काय करायचीस तू?"

"चित्रं. पेन्सिलीची."

"असं होय!" काका हसला. "पेन्सिलीत पाकळीच्या कडेला आतून सावली देतात. तू इथे पण सावलीच दिलीस. जिथे काळं केलं असतंस तिथे ठोकलंस. इथे हात चुकलेला नाही, सवय नडलीय. रेघेच्या बाहेर ठोक, पाकळी आपोआप उठेल."

मालकिणीने मला त्याच्या हातातून घेतलं, तिरपं धरलं आणि पाहतच राहिली.

"आणि ओलं किती केलं होतंस?"

"चांगलं भिजवलं होतं."

"अंघोळ घातलीस त्याला. वरून रंग सुकल्यासारखा दिसला पाहिजे आणि गालाला लावलं तर गार लागलं पाहिजे. तेव्हा मोगरी उचल. हा देठ बघ मात्र. एका दमात कापलायस, थरथर नाही. असा देठ मला जमत नाही. सगळ्या रेघा अशाच काप."

हे कौतुक होतं. पण बोट देठावर ठेवून केलेलं. रंगावर आणि मेहनतीवर हात फिरवून केलेलं नव्हतं.

अध्यक्षबाई जरा दुखावल्या. "आणि काका, तुम्हाला पण तेच काम हवंय ना?"

"हवंय की! पण असल्या फुलाला हरवून घरी सांगू काय? बायको हसेल मला."

दुसरा तुकडा आला, मी फरशीशेजारी पडून सगळं पाहिलं. आधी तिने माझ्याच कोऱ्या कडेवर रेघेच्या बाहेर ठोकून पाहिलं, मग नव्यावर. दर थोड्या वेळाने ती त्याला गालाला लावायची. दारातून जाताना दीर थबकले. "हे काय, चामड्याला गोंजारताय?"

"हो भाऊजी. खोक्यांना गोंजारून काय मिळतं?"

पाकळ्या उठल्या. एकावर एक, चांगल्या टरारून उठल्या. रविवारी काकाने ते फूल पाहिलं आणि म्हणाला, "पानांमागची जागा अजून थोडी खाली दाब. बाकी ठीक." त्याच्या तोंडी 'ठीक' म्हणजे पेढे वाटायला हरकत नव्हती.

मग काकाने स्वतःचा नमुना मध्ये ठेवला. विणलेल्या चटईसारखी ठशांची नक्षी होती, रांगेला रांग लावून मारलेली. मंडळींनी तीन गोड गोष्टी सांगितल्या. मालकिणीने तो उचलून तिरपा धरला. "काका, तुमची रांग डावीकडे उतरतेय. वरपासून थोडी थोडी. मधोमध एक रेघ आखून घेतली असती तर धरून राहिली असती."

काकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी पट्टे करतोय तेव्हा तू शाळेत होतीस!"

"असेन. रांग उतरतेय."

"उजेडामुळे वाटतंय तुला तसं." तुकडा काखेत मारून तो चालता झाला. दुसऱ्याला औषध पाजणाऱ्याचं तोंड स्वतःच्या घोटाला असं वाकडं होतं. तो नमुना त्याने तसाच दुकानात दिला.

महिनाअखेरीला दुकानदाराने दोन्ही नमुने खुर्चीला लावून पाहिले. पट्टीसारख्या सरळ खुर्चीवर काकाची तिरकी रांग लांबूनच दिसली. काम मालकिणीला मिळालं. खोली राहिली. कपबश्यांची खोकी अजून दिरांच्या उशाशीच आहेत. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं ना, दुकानातल्यासारखं आहे!" असल्या लोकांचं भाकीत कधीच चुकत नाही. आणि काका? रविवारी शेवटच्या बाकावर येऊन बसतो. दुसऱ्यांच्या कामातल्या खोडी अचूक सांगतो. त्याची रांग अजून डावीकडे उतरते.

आता त्या खोलीत दोघीतिघी शिकायला येतात. परवा एकीने मला फळीवरून उचललं आणि म्हणाली, "अय्या, किती छान! हे फ्रेम करून लावा ना." मालकिणीने मला फरशीवर ठेवलं, पट्टी लावली आणि फुलाच्या बरोबर मधून मला कापलं. ती मुलगी किंचाळलीच. मालकिणीने माझा अर्धा भाग उभा धरून तिला कापाची कड दाखवली. "हे बघ, सुरा कितपत आत जायला हवा. माझा इथे उथळ गेला, इथे पार निम्म्याखाली. वरून कळलं असतं का तुला?"

"नाही," ती म्हणाली. मग तिने तो अर्धा भाग स्वतःच्या हातात घेतला आणि डोळ्यांजवळ धरून कापाच्या कडेवरून नख फिरवलं.

तर मंडळी, मी आता दोन तुकडे आहे. नव्या माणसाच्या हातात एक जातो आणि मालकिणीच्या हातात दुसरा. भिंतीवर टांगलं असतं तर येणाराजाणारा 'वा' म्हणून गेला असता आणि मी धूळ खात डबक्याचं डबकंच राहिलो असतो. तुमच्यासमोर कुणी स्वतःच्या हाताने केलेलं काही ठेवलं, तर एवढं करा. ते उचला. उजेडात धरा. काय करायचं होतं ते विचारा आणि कुठे हुकलं तिथे बोट ठेवा. तेवढा वेळ नसेल तर गप्प राहा. पण 'छान आहे' म्हणून चहाकडे पळू नका. त्या शब्दावर एका बाईची खोली जवळजवळ गेली होती.

येतो. कुणीतरी नवी आली आहे. मला तिच्या हातात जायचंय.