बांधावरचा व्यायाम

रोज पायी फिरणारा माणूस दीर्घायुषी होतो, हे साऱ्या आरोग्यशास्त्राचं सार आहे. जळकोटात मात्र बिनकामाचा फिरणारा माणूस एक तर चोर असतो, नाहीतर सरकारी. खाजामियाँ जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी आले आणि रोज सकाळी बलभीमच्या बांधावरून झपाझपा चालू लागले. तेव्हापासून बलभीमला भाकरी गोड लागेना. दर नांगरटीला त्यानं तो बांध शेजारच्या रामकिसनच्या रानात थोडा थोडा सरकवला होता.

अखेर बलभीम त्यांना आडवा आला. "चाचा, खरं सांगा, कुणी धाडलं तुमाला?"

"डॉक्टरनं. पोट सुटलंय माझं. भजी बंद कर, पालेभाजी खा आन् रोज चाल म्हणाला."

"ह्यो डॉक्टर रामकिसनचा कोण लागतो?"

"कुणी न्हाय रे बाबा! उस्मानाबादला असतो त्यो."

"मग चालायला माझाच बांध कशापायी?"

"सडकेवर मोटारींचा धुरळा लई."

बलभीमनं खाजामियाँच्या पोटाकडं बराच वेळ निरखून पाहिलं. पोट खरं होतं. माणसाचा मात्र भरवसा वाटेना.

"बरं, चाला," तो शेवटी हळूच म्हणाला. "पर चाचा, पावलं तेवढी लहान-मोठी टाकत जावा."