शेवट असलेली धून

नकुलच्या आवडीची मला धास्ती वाटते. माणूस वाईट नाही. अमेरिकेत, सांता क्लारातल्या आमच्या गेम कंपनीत तो माझा बॉस. जन्म इथलाच, तरी आईमुळे मराठी बोलतो. पण लहानपणी जपानी ॲनिमे बघताना एक धून त्याच्या डोक्यात जी बसली, ती काही केल्या निघत नाही. आणि ती धून करणाऱ्या माणसालाच त्याने टोकियोहून आणून माझ्या शेजारच्या खोलीत बसवलंय.

ओगिनो-सान आता साठीचे. तरुणपणी त्यांनी एका मालिकेसाठी ती लढाईची धून केली आणि एकदम नाव झालं. पुढे ॲनिमे झाले, व्हिडिओ गेम झाले, पण जो तो म्हणायचा, तसंच काहीतरी करा. त्याला कंटाळून ते अमेरिकेत आले, आणि पडले नेमके नकुलच्या हाती.

माझं काम संगीत कापून गेममध्ये बसवायचं. खेळणारा गुहेत किती वेळ भटकेल सांगता येत नाही, म्हणून धून जिथे संपते तिथूनच पुन्हा सुरू व्हावी लागते. याला आम्ही लूप म्हणतो. सांधा कळता कामा नये. ओगिनो-सानांचा सांधा मलासुद्धा सापडत नाही. एकदा कौतुकाने तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "जन्मभर गोल गोल फिरलोय. एक तरी धून अशी करायचीय, जी संपते."

ती त्यांनी केलीही. नायिका लढाई जिंकून घरी येते आणि घर रिकामं असतं, त्या शेवटच्या दृश्यासाठी. नुसता पियानो. ऐकताना मी रडले, लपवायचं कशाला?

पण त्या दृश्याखाली नकुलने आधीच जुनी धून घालून ठेवली होती. नवं संगीत येईपर्यंत कामचलाऊ काहीतरी लावायची आमच्याकडे पद्धतच आहे. ते रोज ऐकून कान त्यालाच सोकावतात.

"सर, ब्यूटिफुल आहे," नकुल त्यांना म्हणाला, "पण तुमच्यासारखं वाटत नाही."

"मग मी कसा आहे?"

नकुलने प्रेमाने जुनी धून लावली. "असे! फक्त सेम नको, राइट्स टोकियोच्या कंपनीकडे आहेत. आणि लूप व्हायला पाहिजे."

मला राहवेना. मी मराठीत म्हटलं, "अरे, त्यांची हीच राहू दे ना."

"जागृती, यार, फॅन्स मला सोडणार नाहीत. मी पण फॅनच आहे ना!"

चेहरा इतका निरागस की भांडायचीही सोय नाही. शिवाय माझं ग्रीन कार्ड याच कंपनीच्या हातात. मी तोंड मिटून बसले आणि मला स्वतःचीच चीड आली.

मग सुरू झाला नुसता छळ. धून जुनीसारखी झाली की वकील परत पाठवायचे, वेगळी झाली की नकुल. ओगिनो-सान स्वतःचीच धून शिकाऊ मुलासारखी पुन्हा पुन्हा ऐकत बसायचे. "ही धून करणारा पोरगा हुशार होता," एकदा मला म्हणाले. "आता माझी त्याची ओळख नाही. पण सगळ्यांना तोच हवाय."

शेवटी एक धून पास झाली. नकुलने त्यांना मिठी मारली. करारात अजून दोन गेम बाकी होते.

सगळं बसवून झाल्यावर मला एक जागा रिकामी दिसली. गेम बंद करताना स्क्रीनवर प्रश्न येतो : खरंच बाहेर पडायचं? हो, नाही. तिथे नकुलने काहीच लावलं नव्हतं. मी ओगिनो-सानांना बोलावून दाखवलं.

"इथे लूप लागत नाही," मी म्हटलं. "इथे कोणी थांबतच नाही."

त्यांनी विचारलं, "मग संपणारी चालेल?"

नकुलला विचारलं. त्याने न ऐकताच "शुअर" म्हटलं.

गेम बाजारात आला त्या रविवारी मी घरी तो लावला आणि थेट त्या प्रश्नावर गेले. हो दाबलं नाही, नाहीही दाबलं नाही. पियानो वाजला, हळू झाला, संपला. मग खोलीत फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

सोमवारी ओगिनो-सानांनी विचारलं, "कोणी ऐकली?"

"मी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

ते कमरेत वाकले. मला एवढ्या आदराने आजवर कोणी नमस्कार केला नव्हता. मग खुर्चीत बसून त्यांनी हेडफोन चढवला. पुढच्या गेमचं पहिलं दृश्य नकुलने पाठवलं होतं, आणि त्याच्याखाली तीच जुनी धून वाजत होती.