शेवटच्या ओळीतली ऊब

माझी काच आता धुरकटली आहे, म्हणून आधीच सांगतो. मी एक जुना तापमापक आहे. पाठीला लाकडी फळी, पोटात लाल रेघ, एवढाच माझा संसार. एका काचघरात, शेवटच्या ओळीतल्या खांबाला मला टांगले आहे.

मित्रांनो, इथे शेवंती वाढते, आणि शेवंतीचे लाड सोपे नाहीत. कळ्या धरायला तिला लांब रात्र लागते, म्हणून माळी ऊन उतरायच्या आतच काळा पडदा ओढतो. पण रात्र नुसती लांब असून भागत नाही. ती फार उबदार झाली, तर कळ्या रुसून बसतात. माळ्याची बायको हे जाणून होती. पडदा ओढण्याआधी ती नखाने माझ्या काचेवर टकटक करी आणि आकडा मोठ्याने वाची. तेव्हा माझा काय रुबाब होता!

मग ती आजारी पडली. तिने स्वतः बी पेरून वाढवलेल्या रोपांना त्या वर्षी पहिल्यांदा फुले येणार होती. रंग कोणालाच ठाऊक नव्हता. तो एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढाच तिचा हट्ट. माळ्याने तिची खुर्ची माझ्याखाली आणली आणि ती गारठू नये म्हणून शेजारी हीटर लावला. पडद्याआड ऊब कोंडली, माझी रेघ चढत गेली, कळ्या घट्ट मिटून राहिल्या.

तिने टकटक करून आकडा वाचला. म्हणाली, "अहो, हीटर बंद करा. फुलं अडलीत."

"तू कुडकुडतेस आणि मी फुलं बघत बसू? येतील त्यांची ती."

तिने शालीतून हात काढून एक कळी चाचपली.

फुले आली ती तिच्या माघारी. फिकट जांभळी, आतून पांढरी. माळ्याने हीटर उचलून बाहेर टाकला. खुर्ची मात्र त्याच्याने हलवली गेली नाही. त्या दिवसापासून त्याने माझ्याकडे पाहिलेले नाही.

आता इथे हीटर नाही. तरी पडदा ओढला, की माझी रेघ हळूहळू वर सरकते. काचेवर तीच नखाची टकटक होते. मला भीती वाटते, आणि मी त्या टकटकीची वाटही पाहतो. दरवर्षी सगळ्या ओळी फुलतात, रिकाम्या खुर्चीभोवतीची रोपे तेवढी मागे राहतात. माळी मातीला दोष देतो आणि खत बदलतो.

मित्रांनो, कधी आलात तर माझी काच पुसा. त्याला आकडा मोठ्याने वाचून दाखवा. तिला आता थंडी वाजत नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.