उंच शिवण

"वेग आहे," प्रशिक्षक म्हणाले, "पण तुझा चेंडू वळत नाही."

त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, आणि त्यामुळेच ते वाक्य तिला अधिक झोंबले. घरीदारी सगळे तिला डावरी म्हणत, कारण जेवण सोडून सारे काही ती डाव्या हाताने करी. त्याच हातातल्या बेसबॉलच्या चेंडूकडे ती बघत राहिली. चेंडू कोरा करकरीत होता आणि त्याची लाल शिवण इतकी चपटी, की बोट तिच्यावरून निसटून जाई. घरामागच्या गल्लीत हीच फेक करताना चेंडू फलंदाजासमोर येऊन फळीवरून घसरलेल्या वाटीसारखा खाली पडायचा. इथे तो प्रत्येक वेळी नाकासमोर सरळ गेला, आणि समोरच्या मुलींनी तो आरामात टोलवला.

"संघाला डावखुरी पिचर हवी आहे, म्हणून महिनाअखेर तुला पुन्हा एकदा बघेन," प्रशिक्षक म्हणाले. "तेव्हाही असाच आला, तर जागा दुसरीला देईन."

घरी येईपर्यंत तिच्या मनात हिशेब पक्का झाला होता. वडील खुर्च्या आणि सोफे मढवायचे. मैदानावरचे उसवलेले, टाकून दिलेले चेंडू ती गोळा करून आणी आणि वडील ते आपल्या वाकड्या सुईने, मेण लावलेल्या जाड दोऱ्याने पुन्हा शिवून देत. खुर्चीची बैठक वर्षानुवर्षे टिकावी असा तो टाका होता. चेंडूवर तो बांधासारखा उंच उभा राही, बोटाला घट्ट पकड देई आणि हवेला अडवून चेंडू वळवी. म्हणजे इतके दिवस वळवत होता तो दोरा. तिच्या मनगटाने काहीच केले नव्हते.

घराला लागूनच असलेल्या दुकानात वडील गुडघ्यावर खुर्ची आडवी घेऊन जुने खिळे उपटत होते. तिने चेंडूंची बादली त्यांच्यासमोर उपडी केली. चेंडू कापसाच्या ढिगाऱ्यात आणि फळ्यांखाली घरंगळत गेले.

"काय झालं?"

"तुमच्या शिवणीनं माझं वाटोळं झालं."

वडिलांनी पक्कड खाली ठेवली. "माझी शिवण कमी पडली असं आजवर कुणी म्हटलं नाही."

"कमी नाही पडली, जास्त पडली. खरा चेंडू असा नसतो, बाबा. तुम्ही एकदा तरी नवा चेंडू हातात घेऊन बघायचा होता."

"आणि तू? बादलीतून सगळ्यांत उंच शिवणीचे चेंडू वेचून कोण काढायचं? चपटे बाजूला सारायचीस. मला वाटलं, पोरीला हेच हवंय. म्हणून आणखी ओढून शिवत गेलो."

ते खरे होते. खरे असल्यामुळे तिचा संताप दुप्पट झाला, आणि तिने पायाजवळचा चेंडू मागच्या भिंतीला टेकवलेल्या गादीत हाणला. धूळ उडाली.

"हाण," मोरीतून हात पुसत बाहेर येत आत्या म्हणाली. लाँड्रीत इस्त्री करून तिचे दंड पहिलवानासारखे झाले होते, आणि गल्लीत डावरीचे चेंडू झेलणारी तीच होती. "दोघंही एका माळेचे मणी. एकाला वाटतं टाका म्हणजे देव, दुसरीला वाटतं चेंडू आपोआप वळतो. मी मात्र फुकट नडगी सुजवून घेतली."

वडिलांनी पक्कड पुन्हा उचलली.

दुसऱ्या दिवशी उठल्यावर तिला दुकानातून ठोक्यांचा आवाज आला. वडील दगडी पाट्यावर एकेक चेंडू फिरवत त्याच्या शिवणीवर लाकडी हातोडा मारत होते, दात आवळून, जणू चेंडूने त्यांच्या बापाची निंदा केली होती. आपला टाका आपल्याच हाताने चपटा करण्याची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. तिने त्यातला एक उचलला. आभार मानले नाहीत, आणि त्यांनीही वर पाहिले नाही.

पुढचे सगळे दिवस घरात धुसफूस होती. जेवताना "मीठ" आणि "पाणी" एवढेच शब्द वापरले गेले. शाळा सुटली की डावरी गल्लीत उभी राही आणि आत्या उपड्या बादलीवर बसे. चपटा चेंडू बोटांतून निसटे, भलतीकडे जाई, दोनदा शेजाऱ्यांच्या दाराला लागला. दोऱ्याने जे काम फुकट केले होते, ते आता मधल्या बोटाला करावे लागत होते: सुटण्याच्या क्षणी शिवण खाली खेचायची, मनगट शेवटपर्यंत आवळून धरायचे. बोटाच्या टोकावर फोड आला, फुटला, पुन्हा आला. प्रत्येक फेकीमागे तिला वडिलांचे "आणि तू?" आठवे आणि ती अधिक जोराने खेचू लागे.

"रागानं टाकलेला खांद्यातून येतो," आत्या कुरकुरली. "तुझा राग जरा खाली उतरव. बोटात आण."

हे तिला पटायला बरेच दिवस लागले. मग एका संध्याकाळी चेंडू आला, थबकल्यासारखा झाला आणि आत्याच्या मांडीवर पडला. आत्याने शिवी हासडली आणि चेंडू परत फेकला. "पुन्हा."

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी वडील दुकान बंद करून आले आणि जाळीपलीकडे उभे राहिले. डावरीने तिकडे बघणे टाळले. पहिला चेंडू तिने मातीत घातला. दुसरा लांब बाहेर गेला. प्रशिक्षकांनी घड्याळ पाहिले. तिच्या छातीत जुना संताप उसळला. तिने तो दंडातून, कोपरातून खाली ढकलला आणि फुटलेल्या बोटाने शिवण खेचली. फलंदाज मुलगी बॅट फिरवून मोकळी झाली. चेंडू बॅटखालून गेला होता. पुढच्या दोघींचेही तेच झाले.

"सोमवारपासून सरावाला ये," प्रशिक्षक म्हणाले.

परतताना ती वडिलांच्या चार पावले पुढे चालत होती. बरेच अंतर गेल्यावर, मागे न वळता, ती म्हणाली, "बादलीतले राहिलेले सगळे ठोकून ठेवा. एकही उंच नको."

"केव्हाच ठोकलेत."

ती थांबली. "सगळे?"

"एक राहिलाय. खुर्चीखाली गेला होता."

"तो तसाच ठेवा. तुमचा राग आला की गादीत हाणायला लागेल."

वडिलांनी तिला गाठले. "मग आणखी एक उंच शिवतो," ते म्हणाले. "मलाही लागेल."