चार ट्रॅकची अंगाई

कॅसेट सुरू झाली आणि पाळण्याशेजारच्या प्लेअरमधून आजीऐवजी कुणी पेंगुळलेला पैलवान गायला लागला. बबडीने आधी डोळे विस्फारले, मग ओठ काढला आणि मग असं भोकाड पसरलं की तिची आई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय केलंस तिला?"

"मी काय करणार? आईंची कॅसेट सापडली कपाटात. म्हटलं, नातीला आजीचा आवाज ऐकवावा," नवरा म्हणाला. "पण ह्यात आईंना दाढीमिशा फुटल्यात." त्याने कॅसेट उलटून घातली. आता त्याच बाई शब्द शेपटीकडून गिळायला लागल्या.

"थांब! कुठलंच बटण दाबू नकोस! चुकून रेकॉर्डचं दाबलंस तर संपलं सगळं." तिने कॅसेट काढून पदरात धरावी तशी ओढणीत धरली.

साध्या प्लेअरला ही कॅसेट कळणारच नव्हती. साध्या कॅसेटवर एका बाजूला दोन ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या दोन पट्ट्या, उलटलं की दुसऱ्या बाजूला दोन. तिच्या बाबांचं रेकॉर्डिंगचं मशीन मात्र चारही ट्रॅक एकाच दिशेने भरायचं, तेही दुप्पट वेगाने. म्हणून साध्या प्लेअरवर अर्धं गाणं रेंगाळतं आणि अर्धं उलटं चालतं. चारही ट्रॅक त्या मशीनवर एकत्र वाजवून, त्यांचे आवाज जुळवून, म्हणजे मिक्स करून, साध्या कॅसेटवर उतरवले की मगच गाणं घरोघरी वाजायचं. बाबांनी जन्मभर हेच केलं. शाळांची समूहगीतं, हौशी बँड, कुणाच्या पहिल्या पेटीतले पहिले सूर. स्वतःच्या बायकोची अंगाई तेवढी राहून गेली होती.

लेकीला दिवस गेलेत हे कळल्यावर आईने ती गायली होती. शब्दही तिचेच. एका ट्रॅकवर तिचा आवाज, दुसऱ्यावर बाबांची गिटार, तिसऱ्यावर पुन्हा तिचाच आवाज, जरा खालच्या सुरात. आणि चौथ्यावर नुसतं उशीवर थोपटणं. "मुलं गाण्याने झोपत नाहीत, हाताने झोपतात," म्हणून आईने हट्टाने तो ट्रॅक अडवला होता. मिक्स सावकाश करू म्हणता म्हणता आई आजारी पडली, आणि बबडी जन्मायच्या आधीच गेली. त्यानंतर बाबांनी मशीनवरचं कापड काढलं नव्हतं.

आठवडाभर राहायला आलेल्या लेकीने आज ते काढायला लावलं.

"तू बबडीला घेऊन पलीकडे बस," बाबा म्हणाले. "इथे वायरी आहेत." मशीनसमोर दोन स्टुलं होती. डावीकडचं आईचं. मिक्स करणं हे चार हातांचं काम, गाणं चालू असतानाच सगळी बटणं वरखाली करावी लागतात. पण बाबा उजव्या स्टुलावर बसले आणि दोनच हातांनी कामाला लागले.

ती दारात उभी राहिली. एकीकडे बाबांचे हात, एकीकडे बबडीचा श्वास. दर थोड्या वेळाने बोट तिच्या नाकाखाली धरून बघायची तिला सवयच लागली होती.

मिक्स कसा झाला ते बाबा कधी मोठ्या स्पीकरवर ठरवायचे नाहीत. "गिऱ्हाईक कुठे ऐकणार? ओट्यावर, भांड्यांच्या गलक्यात," म्हणून स्वयंपाकघरातल्या सर्वांत स्वस्त प्लेअरवर लावायचे. तसाच आताही लावला.

*सावली सरली, ससा निजला...*

आवाज आईचाच होता. पण प्रत्येक 'स' शिट्टीसारखा कानात घुसत होता, आणि मागे कुणीतरी कढईत पाणी टाकल्यासारखी चरचर. बबडी दचकली, मुठी आवळून रडायला लागली.

"बघ, कसा स्वच्छ आलाय!" बाबांचा चेहरा उजळला होता.

नवऱ्याने तोंड उघडलं. तिने त्याला असा चिमटा काढला की तो "वा, बाबा!" म्हणून दंड चोळत बसला.

"रडते का ही?"

"भूक लागली असेल," ती म्हणाली.

"मग अजून एकदा करतो. दुसरा आवाज मागे राहिलाय."

दुसऱ्या वेळी शिट्ट्या आणखी वाढल्या. आता तिच्या लक्षात आलं. परवा दाराची घंटा वाजत होती आणि बाबा तिच्याखालीच उभे राहून चप्पल शोधत होते. बारीक, वरचे आवाज बाबांपर्यंत पोहोचतच नव्हते. त्यांना ऐकू येईपर्यंत ते बटण फिरवत होते, आणि तोवर आईच्या आवाजाच्या सुया होत होत्या.

सांगायचं कसं? बायकोसाठी करण्यासारखं आता त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं. आणि न सांगावं, तर बबडीला आजी म्हणजे दचकवणारी बाई वाटणार.

"बाबा, चहा झालाय," तिने हाक मारली. ते उठले तशी ती आत शिरली. पहिल्या आणि तिसऱ्या ट्रॅकची वरच्या आवाजाची बटणं तिने हळूच मागे फिरवली, आणि चोरासारखी खिडकीशी जाऊन पडदा नीट करत बसली.

बाबा परत आले, स्टुलावर टेकले. मशीनकडे बघितलं. बटणांवरच्या पांढऱ्या रेघांकडे बघितलं.

"तुझी आईपण हेच करायची," ते म्हणाले. "मी चहाला उठलो की."

ती वळली. "काय?"

"पाच-सहा वर्षं झाली असतील. मी परत यायचो तर रेघा हललेल्या. आणि ही बाई कोपऱ्यात उभी राहून पडदा नीट करतेय! एवढे नीट पडदे अख्ख्या गल्लीत कुणाचे नसतील."

"तुम्ही तिला बोलला नाहीत?"

"कशाला? तिला वाटायचं मला कळत नाही. मी आपला दर गाण्याला चहाला उठायचो. नको असला तरी." ते हसले आणि चष्मा काढून शर्टाला पुसू लागले. "आज दोनदा करून बघितलं. म्हटलं, तिच्याशिवाय जमतंय का. बबडीने सांगितलं, नाही जमत."

बबडी काखेत जड झाली होती. नवऱ्याने न सांगता तिला घेतलं.

"उभी काय राहिलीस? बस इथे." बाबांनी डावं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "वरचं सगळं तुझं, खालचं माझं. आणि मला विचारू नकोस. तुझ्या कानाला गोड लागेल तिथे थांबायचं."

"मला येत नाही, बाबा. चुकलं तर?"

"चुकलं तर पुन्हा. चौघीजणी बसल्यात ह्यात, कुठे पळून जातायत?"

"दोघी आई, एक गिटार..."

"आणि एक उशी. तीपण बाईच."

तिने बटणावर बोट ठेवलं. *सावली सरली* आलं, तिने अगदी थोडं मागे घेतलं, आणि 'स' मऊ झाला. दोन ओळींमधला आईचा श्वास ऐकू आला. बाबांना तो ऐकू येत नव्हता, पण ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि नेमक्या त्याच जागी त्यांनी गिटार खाली घेतली. शेवटी सगळं विरत गेलं आणि बाबांनी थोपटणं तेवढं वर आणलं. थप, थप, थप.

ओट्यावरच्या प्लेअरवर नवी कॅसेट लागली. बबडी झोपली वगैरे नाही. मूठ तोंडात घालून प्लेअरकडे टक लावून बघत राहिली. तिच्या आईचा हात मात्र तिच्या पाठीवर कधी चालायला लागला, ते तिचं तिलाही कळलं नाही; उशीवरच्या हाताच्याच चालीने.

बाबांनी कॅसेट काढली, मागच्या दोन्ही खाचांवरचे प्लॅस्टिकचे कान नखाने मोडून टाकले. "झालं. आता कुणी हिच्यावर दुसरं काही भरू शकणार नाही."

"बाबा, पण प्लेअरने टेप गिळली तर?"

"दुसरी काढू."

"आणि ती हरवली तर?"

बाबांनी जावयाकडे बघितलं. "जा रे, कोपऱ्यावरून कोऱ्या कॅसेटी आण. किती आणू म्हणून हिला विचारू नकोस. दुकानात असतील तेवढ्या आण."