रोसित्साभोवतीची चौकट

मित्रांनो, मला चार कोपरे आहेत आणि पोटात काहीही नाही. मी एक जुनी काळी चौकट आहे. लाकडाची नव्हे, लोखंडाचीही नव्हे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माउसने ओढलेला एक साधा आयत, एवढंच माझं शरीर. तुम्हीही शाळेत असा आयत काढला असेल. एका कोपऱ्यावर बोट दाबायचं, तिरकं खाली ओढत न्यायचं आणि सोडायचं. सोडलं की जन्म झाला. इतक्या कमी कष्टात जगात दुसरं कुणी जन्माला येत नसेल.

बल्गेरियाच्या डोंगरातलं आमचं गाव. तिथली सुताची गिरणी बंद पडली तेव्हा नेव्याना नावाच्या कामगार बाईने चौकात झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर आणून ठेवला. तिला कुणी काही शिकवलं नाही. एक बटण दाबायचं, काय होतं ते बघायचं, बिघडलं तर मागे घ्यायचं, अशी ती शिकली. तिने काढलेली पहिली आकृती मी. तेव्हा मी लाल होते आणि बारीक होते, आणि माझ्या पोटात लिहिलं होतं, ‘ताजी अंडी, घंटा वाजवा’. हे मी मुद्दाम सांगते. माझा जन्म मेलेल्या माणसांसाठी झाला नव्हता.

पण आमच्याकडे माणूस गेला की त्याचा कागद लागतो. चेहरा, नाव, वय आणि दोन ओळी. तो घराच्या दारावर लावतात, विजेच्या खांबांवर लावतात, बसच्या थांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा लावतात, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा, आणि मग दर वर्षी त्याच तारखेला. जिवंतपणी ज्याला कुणी कसा आहेस म्हणून विचारत नव्हतं, त्याचीही मेल्यावर अशी चौकशी होत राहते.

गिरणीचा मुकादम गेला तेव्हा त्याची बायको नेव्यानाकडे आली. नेव्यानाने मला निवडलं. निवडलं की माझ्या अंगावर आठ ठिपके उमटतात, चार कोपऱ्यांना आणि चार बाजूंच्या मधोमध. तिने कोपरा धरून मला मोठं केलं, रेघेची जाडी वाढवली, लाल काढून काळा रंग दिला. अंडी पुसली. दोन बारीक पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून, जोडून एक क्रूस केला. त्याच्याखाली एक लंबगोल काढला आणि मुकादमाचा फोटो त्यात बसवला. फोटो लहान होता म्हणून तिने तो बाजूच्या ठिपक्याने ओढला. मित्रांनो, चेहरा नेहमी कोपऱ्याने ओढावा, नाहीतर माणूस सुजतो. हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. मुकादम चांगला गुबगुबीत झाला. त्याची बायको कागद जवळ धरून म्हणाली, “राहू दे. असा भरलेला मला कधी दिसलाच नाही.”

तिथून माझे दिवस सुरू झाले. लोक म्हणायचे, नेव्यानाची चौकट कशी सरळ असते, कोपऱ्यात कोपरा मिळालेला. मला एक चुलत बहीणही होती, गोल कोपऱ्यांची, सोनेरी. ती लग्नपत्रिकांसाठी होती. पण तरुण मंडळी स्पेनला गेली, जर्मनीला गेली, आणि बिचारी बहीण कुठल्याशा फाइलीत पडून राहिली. मला मात्र आठवड्याची सुट्टी नव्हती.

आता नेव्यानाची एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं त्या खोडीतून झालं. आमच्याकडे म्हणतात की काळी चौकट रिकामी ठेवू नये. रिकामी ठेवली तर ती माणूस मागते. नेव्याना हसायची या गोष्टीवर, पण पाळायची. म्हणून तिने कोरा नमुना कधीच करून ठेवला नाही. नवा कागद करायचा असला की ती जुन्या मेलेल्याची फाइल उघडायची, त्याचं नाव पुसून नव्याचं लिहायची, लंबगोलातला चेहरा बदलायची आणि फाइल नव्या नावाने साठवायची. म्हणजे एका माणसाला जागेवरून उठवून दुसरा बसवायचा, पण जागा क्षणभरही रिकामी म्हणून दिसू द्यायची नाही.

दुकानात हीटरजवळच्या खुर्चीवर स्पासकाका बसायचे. आयुष्यभर बस चालवलेले, आता नुसते बसलेले. ते पडद्यावर माझ्याकडे बघून म्हणायचे, “माझ्या वेळी ही जरा जाड कर गं. मी बारीक माणूस नव्हतो.”

“तुमच्या वेळी शाई महाग झालेली असेल, काका,” नेव्याना म्हणायची. “आत्ताच जा, स्वस्तात होईल.”

मग दोघं कॉफी प्यायची.

त्याच सुमारास गावात पूर आला. नदीने खालचा पूल नेला, आणि पुलावर रोसित्सा होती. एकोणीस वर्षांची, शाळेच्या भटारखान्यात काम करायची, घरी परतत होती. ती सापडली नाही. पंधरा दिवस माणसं काठ्या घेऊन काठाने फिरली. तिची आई स्तोइका नदीजवळच राहायची. तिच्या घराच्या खालच्या मजल्यात छातीइतकं पाणी शिरलं, आणि कपाट, फोटोंचा अल्बम, सगळं चिखलात गेलं. फोनमध्ये फोटो असायचे दिवस आमच्याकडे अजून आले नव्हते. स्तोइकाकडे उरलं ते मुलीचं भटारखान्याचं ओळखपत्र, तेही ओलं. नेव्यानाने ते जपून स्कॅन केलं. दुसऱ्या दिवशी त्यावरचा फोटो पापुद्र्यासारखा सुटून गेला.

मित्रांनो, रोसित्साला थडगं नाही. थडग्यावर बसवतात ती चिनीमातीची तसबीर नाही. तिच्याभोवती होते ती मी. दर वर्षी जूनमध्ये स्तोइका यायची, मेलेल्यांच्या नावाने वाटतात ते साखर घातलेले उकडलेले गहू एका वाटीत घेऊन. वाटी काउंटरवर ठेवायची. नेव्याना फाइल उघडायची, वर्षाचा आकडा बदलायची, आणि स्तोइका पडद्याजवळ येऊन म्हणायची, “केस विंचरलेत आज.” दर वर्षी तेच म्हणायची. त्या फोटोत पोरीने केसांना पाणी लावून भांग पाडला होता. मग ती घरी जाऊन दाराला खळ लावायची आणि जुन्या कागदावर नवा चिकटवायची. जुना कधी काढायची नाही. अकरा वर्षांत त्या दारावर कागदांचा जाड थर झाला होता.

बाराव्या वर्षी फेब्रुवारीत गावात तापाची साथ आली. एका आठवड्यात चार माणसं गेली, आणि चौथे स्पासकाका. नेव्याना स्वतः तापात होती. खुर्ची रिकामी होती आणि ती तिकडे बघत नव्हती. तिने हाताला लागली ती फाइल उघडली. ती रोसित्साची होती. तिने नाव पुसलं, स्पासकाकांचं लिहिलं. त्यांच्या शब्दाला मान म्हणून माझी रेघ जाड केली. लंबगोलातली मुलगी काढून टाकली आणि टोपी घातलेले काका आत बसवले. कागद छापले. आणि नवं नाव न देता, आहे त्याच नावाने साठवून कॉम्प्युटर बंद केला.

मला ते समजत होतं. पण चौकटीला तोंड नसतं. मी बाहेरून धरून ठेवते, आत कोण आहे ते मी ठरवत नाही.

जूनमध्ये स्तोइका गव्हाची वाटी घेऊन आली. नेव्यानाने रोसित्साच्या नावाची फाइल उघडली, आणि टोपीतले स्पासकाका बाहेर बघायला लागले.

नेव्यानाने मागे घेण्याचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वीसेक वेळा दाबलं असेल. मित्रांनो, ते बटण फाइल बंद होईपर्यंतचंच लक्षात ठेवतं. फेब्रुवारीतलं त्याला जूनमध्ये काही आठवत नाही. मूळ स्कॅन ज्या जुन्या कॉम्प्युटरवर होतं तो तर कधीच भंगारात गेला होता.

“मावशी, यंत्र बिघडलं,” नेव्याना म्हणाली.

स्तोइका पडद्याकडे बघत होती. तिला वाचता येत होतं. वर कोपऱ्यात फाइलीला मुलीचं नाव होतं आणि आत स्पास.

“यंत्राचं नाव कशाला घेतेस, पोरी,” ती म्हणाली. “त्याने स्पासला कुठून ओळखावं?”

मग नेव्यानाने सांगितलं. तापाचं सांगितलं नाही, ते सांगायची तिला लाज वाटली. एवढंच म्हणाली की मी एकीच्या जागेवर दुसरा बसवला आणि ती गेली. स्तोइकाने गव्हाची वाटी उचलली आणि परत नेली. अशी भरलेली वाटी परत नेणं आमच्याकडे फार वाईट. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं नेव्याना नंतर बहिणीला फोनवर म्हणत होती.

पुराच्या तारखेला अजून नऊ दिवस होते. नेव्यानाने शाळेतून वर्गाचा फोटो मिळवला. त्यात रोसित्सा तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी. तो मोठा केला तर नुसते राखी चौकोन झाले. ती तो घेऊन स्तोइकाकडे गेली. स्तोइका म्हणाली, ही कुणीही असेल. मग नेव्यानाने बसच्या थांब्यावरच्या खांबाचे कागद गरम पाण्याने भिजवून सोलले. तिथे सगळं गाव एकमेकांवर चिकटलेलं होतं. खालून एका वर्षीची रोसित्सा निघाली. मी निघाले, काळी, धडधाकट. लंबगोलात मात्र उन्हाने आणि खळीने काही ठेवलं नव्हतं. एक फिकट डाग होता, तोही ओल्या बोटाला लागून आला.

उरलं दार. तिथे अकरा थर होते, आणि वरचे थर खालच्यांना उन्हापासून झाकत होते. आतल्या कुठल्यातरी थरात ती नक्की शाबूत असणार, असं नेव्यानाला वाटत होतं. ती किटली, सुरी आणि फडकं घेऊन गेली. ती म्हणाली, “मावशी, वाफ देऊन हळूहळू काढते. एक जरी नीट सुटला तरी ती आपल्याला परत मिळेल.”

“आणि नाही सुटला तर?”

नेव्यानाने किटली खाली ठेवली. खांबावरचं तिला आठवत होतं.

स्तोइका दाराला पाठ लावून उभी राहिली. “तर मग ते राहू दे. नदीत मी तिला शोधलं. पंधरा दिवस काठीने चिखल ढवळला. आता दारात नाही ढवळायची. इथे ती आहे, हे मला माहीत आहे. तेवढं असू दे.”

“मग यंदाचा कागद कसा करू?”

“कर तसाच. गोल मोकळा ठेव.”

नेव्याना गडबडली. म्हणाली की मोकळी चौकट लावत नाहीत, मावशी, ती माणूस मागते.

“मागू दे की,” स्तोइका म्हणाली. “माझ्या घरात आता मागण्यासारखं कोण उरलंय? मीच.”

त्या वर्षी तसाच कागद लागला. मी, क्रूस, नाव, वर्षं, आणि मधोमध पांढरा लंबगोल. येणारीजाणारी माणसं थबकत. पहिले दोन दिवस कुणी म्हणालं छपाई चुकली. मग म्हातारी माणसं म्हणू लागली, अरे ही तीच, पाणी लावून भांग पाडायची ती. भटारखान्यात दोन पळ्या जास्त वाढायची ती. शाळेत तिच्या हातचं जेवलेला एक जण आता टक्कल पडलेला होता, तो खांबासमोर टोपी काढून उभा राहिला. स्तोइकाने हे खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गव्हाची वाटी काउंटरवर आली. स्तोइका पडद्याजवळ मात्र गेली नाही.

नेव्यानाने तिला तिथेच खिडकीजवळ बसवलं आणि तिचा फोटो काढला. कशाला गं, असं म्हातारीने विचारलं नाही. तो फोटो नेव्यानाने कॉम्प्युटरवर ठेवला, वायरीने जोडायच्या एका वेगळ्या डबीत साठवला, आणि छापून बहिणीच्या घरी ठेवला.

पुढच्या मार्चमध्ये स्तोइका गेली. गाव म्हणालं, बघा, मागितलंच चौकटीने. मित्रांनो, मी कुणाला मागितलं नाही. मला पोट आहे, पण भूक नाही. म्हातारी ऐंशीची होती, घर ओलं होतं, आणि वाट बघण्यासारखं तिच्याकडे काही राहिलं नव्हतं. पण चौकटीचं कोण ऐकतं.

तिच्या कागदासाठी नेव्यानाने मला हात लावला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने कोरा पडदा उघडला, एका कोपऱ्यावर बोट दाबलं आणि नवी चौकट ओढली. ओढताना माउस दोनदा अडखळला, तरी रेघ सरळ आली. आमच्यात तेवढी एक सोय आहे.

मी आता कामावर नाही. रोसित्साच्या फाइलीत मी मोकळ्या लंबगोलाभोवती उभी असते, स्पासकाकांसाठी जाड केलेली, ती जाडी कुणी कमी केली नाही. जून आला की नेव्याना मला उघडते, वर्षाचा आकडा बदलते, दुसऱ्या नावाने आणखी एक प्रत ठेवते आणि मगच छापते. मित्रांनो, तुम्हीही चित्रं काढाल, जुन्यावरून नवं कराल. जरूर करा, त्यात वाईट काही नाही. पण जुनं आधी बाजूला नीट ठेवा, आणि मगच त्याच्या पोटात हात घाला. तुमच्या लेखी ती नुसती जागा असते. आत कुणाची तरी मुलगी असते.

स्तोइकाचा कागद लावायला नेव्याना स्वतः त्या दाराशी गेली. खळीचा डबा तिने खाली ठेवला. आमच्याकडे नवा कागद जुन्यावर लावतात. तिने तो वर लावला नाही. दाराच्या दुसऱ्या फळीवर, शेजारी लावला.